मागचे चाक

खंडेनवमीच्या सकाळी डिचोलीच्या बाजारपेठेतून सावकाश चालत जावे. ट्रक, रिक्षा, मोटारी आणि दुचाक्या न्हाऊन-धुऊन उभ्या असतात. बॉनेटवर झेंडूच्या माळा, काचेवर हळदकुंकवाची बोटे, पुढच्या चाकाखाली लिंबू. ही पूजा मनापासून केलेली असते आणि तिला नावे ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही; आमच्या घरीही ती होते व नारळ मीच फोडतो. पण एक गोष्ट मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. पूजेचा सारा मान गाडीच्या पुढच्या अंगाला मिळतो. मागच्या चाकाच्या वाट्याला फार तर बादलीतले उरलेले पाणी येते आणि त्या चाकाच्या आतल्या बाजूला, जेथे हात घातला तर तो कोपरापर्यंत काळा होऊनच बाहेर येतो, तेथे बसलेल्या पट्ट्यांची आठवण कोणालाही होत नाही. डाव्या चाकात दोन, उजव्या चाकात दोन, अशा त्या चार पट्ट्यांविषयी मला आज लिहावयाचे आहे.

त्यांना ब्रेक पॅड म्हणतात. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते. तिचे नाव डिस्क. तिच्या दोन अंगांना दोन पॅड आणि या सर्वांना कवेत घेणारी पकड म्हणजे कॅलिपर. पायाखालचे पेडल दाबले की ब्रेक ऑईलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो व दोन्ही पॅड फिरत्या तबकडीला चिमटीत धरतात. पॅडला लोखंडाची पाठ असते आणि तिच्यावर घर्षणासाठी मुद्दाम तयार केलेल्या मसाल्याचा थर बसवलेला असतो. नवा असताना हा थर साधारणपणे दहा मिलिमीटरच्या आसपास असतो आणि झिजत तीन मिलिमीटरवर आला म्हणजे तो बदलावा, असा कारागिरांचा दंडक आहे. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांना मागे डिस्क नसते, ड्रम असतो व त्यात पॅडऐवजी शू असतात. माझ्या गाडीला मागेही डिस्कच आहे.

एवढ्याशा मसाल्याने किती काम करावे, याचा हिशेब मी एकदा कुतूहलाने मांडून पाहिला. बाराशे किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असताना ती जागीच थांबवावयाची, तर जी शक्ती उष्णतेत रूपांतरित होते तिने अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी उकळू शकेल. घरातल्या चौघांचा चहा व्हावा इतकी ती उष्णता, आणि ती काही क्षणांत निर्माण होते. वेग ८० वर नेला तर हा आकडा सुमारे पावणेदोन पट होतो. थांबताना गाडीचा भार पुढे झुकत असल्यामुळे या श्रमाचा मोठा वाटा पुढची चाके उचलतात, हे खरे. म्हणून मागच्या ब्रेकला दुय्यम समजणारे पुष्कळ भेटतात. परंतु गाडी सरळ रेषेत थांबावी, तिचे शेपूट वळणावर भरकटू नये आणि ती उतारावर उभी केली असता हँडब्रेकने जागची हलू नये, या तिन्ही गोष्टी मागच्या चाकांच्या स्वाधीन आहेत.

या मसाल्याचा पूर्वज जुन्या बुटाचे चामडे होता, असे सांगतात. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखात गाडीवान उतारावर चाकाला दाबावयाच्या लाकडी ठोकळ्यावर फाटक्या बुटांचे तुकडे ठोकीत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने १८९७ साली घर्षणाच्या वस्तू बनवण्याचा उद्योग आरंभिला. आपल्या घाटांतून उतरणाऱ्या बैलगाड्यांनाही चाकावर दाबणारा लाकडी ठोकळा असे; तेव्हा कल्पना आपल्याला अपरिचित नव्हती, तिचा कारखाना मात्र आपण काढला नाही. पुढे या मसाल्यात ॲस्बेस्टॉस आले व विसाव्या शतकाचा बराच काळ ते टिकले. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, हे कळावयास अनेक कारागिरांचे प्राण खर्ची पडले. ब्रेकवरची काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने कधी उडवू नये, ती ओल्या फडक्याने टिपावी, हा नियम तेव्हापासूनचा आहे. आणि पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस नसले तरीही तो पाळावा.

आता वकिलाने या काळ्या धंद्यात का पडावे, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. आमच्या बाररूममध्येही तो मला हसत हसत विचारण्यात आलेला आहे.

उत्तर माझ्या व्यवसायातच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालचे नुकसानभरपाईचे अर्ज मी पुष्कळ वर्षे चालवीत आलो आहे. कधी मृताच्या वारसांच्या बाजूने, कधी गाडीमालकाच्या. या अर्जांना दिलेल्या उत्तरांत एक वाक्य इतक्या वेळा येते की, ते टंकलेखकाच्या बोटांना पाठ झाले असावे: “अचानक ब्रेक निकामी झाल्यामुळे वाहनावरील ताबा सुटला.” अचानक, हा त्यातला मुख्य शब्द. जणू ब्रेक हा कोणी संतापी पाहुणा असून वाटेत त्याचे बिनसले. वस्तुतः ब्रेक अचानक निकामी होण्याचे प्रसंग विरळा. तो महिनोन्महिने निकामी होत असतो. आपल्याला कळते ते मात्र अचानक.

न्यायालयांनी ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली आहे. इंग्लंडमधल्या हेंडरसन विरुद्ध जेंकिन्स या खटल्यात उतारावरून येणाऱ्या लॉरीचे ब्रेक गेले आणि एका माणसाचा बळी गेला. ब्रेक ऑईलची नळी गंजून तिला छिद्र पडले होते, आणि तेही अशा जागी की, नळी सोडवून काढल्याशिवाय दिसू नये. मालकांनी सांगितले की, दिसणारा भाग आम्ही नियमाने पाहत होतो. १९६९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने म्हटले की, एवढे पुरेसे नाही. ही गाडी गंज वाढेल अशा परिस्थितीत वापरली गेली नव्हती, हेही मालकांनी दाखवावयास हवे होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली मिनू मेहता यांच्या खटल्यात हेच सूत्र स्वीकारले. यांत्रिक बिघाडाचा बचाव घेणाऱ्या मालकाने आपण सर्व वाजवी काळजी घेतली होती व ती घेऊनही दोष लपून राहिला, हे सिद्ध केले पाहिजे. शिवाय १९८८ च्या कायद्याचे १९० वे कलम आहेच. ज्या धोकादायक दोषाची माहिती होती तोच नव्हे, साध्या काळजीने जो ध्यानात आला असता त्या दोषासह गाडी रस्त्यावर आणणे हाही तेथे गुन्हा मानला आहे.

‘साधी काळजी’ हे शब्द मी न्यायालयात कित्येकदा उच्चारले आहेत. ती काळजी मोटारीच्या मागच्या चाकात कोणत्या आकाराची असते, हे मात्र ग्रंथांत सापडत नाही.

गेल्या वर्षी चवथीची धावपळ ओसरल्यावर एके संध्याकाळी म्हापशाहून परतताना कोलवाळचा पूल ओलांडला आणि धारगळच्या बाजूला गाडी थोपवताना मागून डाव्या अंगाने बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला. हा आवाज दोष नसून निरोप असतो. पुष्कळ पॅडना पोलादाची एक पातळ जीभ बसवलेली असते. मसाला संपत आला की ती तबकडीला घासते आणि ओरडून सांगते. घरी येऊन मी सर्व्हिसिंगचे कागद काढले. चारच महिन्यांपूर्वीच्या कागदावर ‘ब्रेक, पुढील व मागील’ या रकान्यासमोर बरोबरची खूण होती. मी कागदावर जगणारा माणूस. त्या खुणेकडे बराच वेळ पाहत राहिलो.

पुढच्या चाकांचे पॅड मी यापूर्वी तीनदा घरी बदलले होते, आणि तेही आमच्या गावच्या वयोवृद्ध मेस्तांच्या देखरेखीखाली. मागचे कधी बदलले नव्हते. रविवारी ते काम घरीच करावयाचे मी ठरवले तेव्हा माझ्या पत्नीने आक्षेप घेतला आणि तो इतका रास्त होता की, मला तहकुबी मागावीशी वाटली. “ह्याच गाडीतून आपली मुलगी तुमच्याबरोबर रोज कॉलेजला जाते,” ती म्हणाली, “आणि गॅरेजवाल्याची चूक झाली तर त्याला विचारता येतं. तुमची झाली तर कोणाला विचारायचं?” आई माजघरातून ऐकत होती. तिने फक्त विचारले, “मेस्तांना बोलावलंस का?”

पत्नीच्या प्रश्नात कायद्याचे एक गूढ सहजच उलगडले होते. काम दुसऱ्याच्या हाती सोपवले की, पावती मिळते आणि पावतीबरोबर जबाबदारीचा काही भाग आपल्या खांद्यावरून उतरल्याचा भास होतो. तो भासच. कारण रस्त्यावर जो सापडतो त्याच्या दृष्टीने मालक एकच असतो. पण स्वतः काम करणाऱ्याला तो भासही उपलब्ध नाही, आणि पत्नीला नेमके हेच खुपत होते. अखेर तडजोड ठरली. काम मी करीन, परंतु मेस्तांनी पाहून होकार दिल्यावाचून गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.

रविवारी सकाळी गाडी अंगणातल्या सिमेंटच्या सपाट भागावर घेतली. पुढच्या चाकांना मागून-पुढून चिऱ्याचे तुकडे लावले, गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवली आणि हँडब्रेक सोडला. मागचे काम करताना तो ओढलेला असून चालत नाही, कारण तोच कॅलिपरला आवळून धरतो. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट किंचित सैल करून मग जॅक लावावा. गाडी उचलल्यावर तिच्याखाली लोखंडी स्टँड द्यावा आणि मगच चाक काढावे. केवळ जॅकच्या भरवशावर उचललेल्या गाडीजवळ माझ्या मुलीला मी उभे राहू देत नाही. ती बॅटरी धरावयास आली होती.

चाक निघाले. बाहेरचा पॅड समोरच होता. मोजपट्टी लावली, मसाला पाच मिलिमीटर भरला. म्हणजे कागदावरची खूण बरोबर होती! क्षणभर मला वाटले की, आवाज दुसऱ्याच कशाचा असावा. मग कॅलिपर धरून ठेवणाऱ्या दोन पिनांचे बोल्ट सोडवले, कॅलिपर उचलून तारेने वर टांगला (तो ब्रेक ऑईलच्या रबरी नळीवर कधी लोंबकळू देऊ नये) आणि आतला पॅड बाहेर ओढला. त्यावर जेमतेम दीड मिलिमीटर उरला होता. एका कोपऱ्यात तर लोखंडाची पाठ दिसू लागली होती.

एकाच चाकातल्या दोन पॅडमध्ये एवढे अंतर का पडावे, याचे उत्तर खालच्या पिनेत होते. कॅलिपर या पिनांवर मागे-पुढे सरकला तरच दोन्ही पॅड सारखे दाबले जातात. पिनेवरचे रबरी टोपण फाटले होते. आमच्या पेडण्याची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि डिचोलीच्या रस्त्यांवरची लाल धूळ, तिन्ही आत शिरून तेथे गंजाचा लगदा झाला होता. पिन अडकली, बाहेरचा पॅड आरामात राहिला आणि पिस्टनच्या बाजूचा आतला पॅड एकटा झिजत गेला. लोकांना वाटते की, समुद्रकाठी राहिल्याने पत्रा गंजतो. पत्र्याचा गंज दिसतो तरी.

त्या सर्व्हिसिंगच्या खुणेला मी खोटी म्हणणार नाही. चाकाच्या आऱ्यांतून वाकून पाहिले तर बाहेरचाच पॅड दिसतो आणि तो ठीकच होता. ज्याने खूण केली त्याने पाहिले असेल. त्याने जे पाहिले ते खरे होते. केवळ त्याने चाक काढले नव्हते, आणि मीही त्या रकान्याचा अर्थ ‘चाक काढून पाहिले’ असा विचारून घ्यावा अशी कोणाची प्रथा नाही. इंग्लंडमधल्या त्या लॉरीची नळी मला तेव्हा आठवली. इतकी वर्षे मी तो निकाल युक्तिवादात सांगत होतो. दिसणारा भाग आणि न दिसणारा भाग यांतले अंतर किती असते, ते त्या दिवशी बोटाने मोजता आले. साडेतीन मिलिमीटर.

पुढचे काम मागच्या चाकाच्या खास स्वभावाचे होते. नवा पॅड जाड असल्यामुळे त्याला जागा करून देण्यासाठी पिस्टन आत ढकलावा लागतो. पुढच्या चाकाचा पिस्टन चिमट्याने सरळ दाबला की, जातो. परंतु ज्या मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा बसवलेली असते, त्यातला पिस्टन आटे असलेल्या दांड्यावर असतो. तो दाबत दाबत फिरवावा लागतो. बळाने नुसता ढकलला तर आतली यंत्रणा मोडते. त्यासाठी दोन खुंट्यांचे एक साधन मिळते. ते पिस्टनच्या तोंडावरच्या खाचांत बसवून मी हळूहळू फिरवू लागलो. हे काम घाईचे नाही. दर दोन-तीन फेऱ्यांनी मुलगी पुढे जाऊन ब्रेक ऑईलची टाकी पाहून येई, कारण पिस्टन मागे जाईल तसे टाकीतले ऑईल वर चढते आणि बाहेर सांडले तर रंग खाऊन टाकते. शेवटी पिस्टनच्या खाचा अशा जागी आणून ठेवाव्या लागतात की, पॅडच्या पाठीवरची खुंटी त्यांत नेमकी बसावी. ज्यांच्या गाडीला बटणाचा विजेचा हँडब्रेक आहे त्यांनी तर हा खटाटोप करण्यापूर्वी तो दुरुस्तीच्या स्थितीत नेण्याची रीत पुस्तिकेत पाहिल्यावाचून कशालाही हात लावू नये.

ब्रेक ऑईलविषयी येथे एक शब्द. त्याला आपण सारे ऑईल म्हणतो, पण ते तेल नव्हे. इंजिनचे तेल चुकून त्यात पडले तर आतली रबरे फुगून सारी यंत्रणा निकामी होते. शिवाय हा द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो. डॉट ४ प्रतीचा कोरा द्रव निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये. ओलावा मुरलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आमच्या आषाढ-श्रावणात भिंतींनासुद्धा पाझर फुटतो, तेथे त्याची काय कथा! दोडामार्गाकडे तिळारीचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबीत येणाऱ्याचे पेडल शेवटच्या वळणावर अचानक मऊ लागते त्याचे एक कारण हे आहे. घाट ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरावा, हे जुन्या ट्रकचालकांना शिकवावे लागत नसे. हा द्रव दर दोन वर्षांनी बदलावा; पण ते काम मात्र मी घरी करीत नाही. नळ्यांत हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल दगा देते, आणि माझ्या हाताची मर्यादा मला पॅडपर्यंतच आखून घेणे बरे वाटते.

पिना साफ करून त्यांना उष्णता सोसणारे ग्रीस लावले, टोपणे नवी बसवली, पॅड बसवले. मसाल्याच्या तोंडाला ग्रीसचे बोटही लागू देऊ नये. उजवीकडचे दोन्ही पॅड चार मिलिमीटरचे होते, तरी तेही बदलले. एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने ठेवले तर गाडी ब्रेक लावताच एका अंगाला ओढते. बोल्ट पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे आवळले. दुपारचे दीड वाजले होते आणि जेवणाचा निरोप तिसऱ्यांदा आला होता.

मेस्त चार वाजता आले. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. खाणींच्या भरभराटीच्या काळात त्यांनी डिचोलीच्या खनिज-ट्रकांचे ब्रेक वर्षानुवर्षे सांभाळले आहेत. त्यांनी माझ्याशी एक शब्दही न बोलता दोन्ही चाके पुन्हा काढावयास लावली. पिना हाताने सरकवून पाहिल्या, नळीला पीळ पडला आहे का ते पाहिले, बोल्टांवर पाना ठेवून पाहिला. माझे जुने पॅड त्यांनी उचलून उन्हात धरले, दीड मिलिमीटरवाला परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “हो सांबाळून दवरात.” साक्षीपुरावा म्हणून तो जपण्याचा विचार माझ्याही मनात आलाच होता. मग गाडीत बसण्यासाठी मी दार उघडताच त्यांनी हात आडवा केला. “पयलीं पेडल मारचें, मागीर गियर घालचो.”

हे सांगणे क्षुल्लक वाटेल, पण सबंध कामातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच आहे. पिस्टन मागे गेलेला असल्यामुळे पॅड आणि तबकडी यांत फट असते; पहिल्यांदा दाबलेले पेडल थेट तळाला जाते. गाडी चालू करून फाटकाबाहेर काढणाऱ्याला ब्रेकच नसतात. सात-आठ वेळा दाबल्यावर पेडल घट्ट लागू लागले. टाकीतल्या द्रवाची पातळी पुन्हा पाहिली. हँडब्रेक ओढून चाके फिरतात का ते मेस्तांनी पाहिले. मग त्यांनी माझ्या पत्नीकडे पाहून मान हलवली, माझ्याकडे नाही.

नवे पॅड तबकडीशी जुळावयास थोडा काळ लागतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर आणीबाणीखेरीज कचकावून ब्रेक लावू नये. मध्यम वेगावरून सौम्यपणे, पुन्हापुन्हा गाडी थोपवीत जावे आणि मध्ये त्यांना निवू द्यावे. त्या संध्याकाळी मेस्तांना शेजारी बसवून मी मालप्याच्या उतारापर्यंत जाऊन आलो. गाडी दर वेळी सरळ थांबली. उताराच्या तळाशी उतरून मेस्तांनी दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहात नेला, न टेकवता. दोन्हींची ऊब सारखी आहे, असे सांगितले आणि विडी पेटवली.

दीड मिलिमीटरचा तो पॅड माझ्या कार्यालयातल्या टेबलावर कागद दाबण्याच्या कामी आहे. गाडीमालक अशील आला आणि ‘अचानक’ म्हणाला की, तो मी त्याच्या हातात देतो. एकाने तो उलटसुलट करून विचारले, “हा आतला का?” त्याचे वकीलपत्र मी त्याच दिवशी घेतले. आता दर सहा महिन्यांनी मागची चाके काढून आतले पॅड मोजावयाचे ठरले आहे. तो रविवार न्यायालयाच्या तारखांच्या डायरीतच नोंदवलेला आहे, आणि त्या दिवशी बॅटरी मी धरावी व पाना मुलीने, असा अर्ज तिने आधीच दाखल केला आहे.